जोडणी फुकट, वायर तुमची

पाथर्डीत फुकट मिळणाऱ्या वस्तूवर कुणाचा विश्वास नाही आणि फुकट मिळणारी वस्तू कुणी सोडतही नाही. नाईक चौकात एखाद्या कंपनीची रंगीत छत्री लागली की या दोन्ही गोष्टी एकदमच बघायला मिळतात. छत्रीखाली प्लॅस्टिकचं टेबल. टेबलामागं कंपनीचा टी-शर्ट घातलेलं पोरगं. टी-शर्ट अंगात दोन पोरं मावतील एवढा, कारण आधीचं पोरगं जाड होतं आणि ते नोकरी सोडून गेलं तरी टी-शर्ट इथंच राहिला. टेबलाला बांधलेल्या फ्लेक्सवर 'इन्स्टॉलेशन चार्ज १००० रुपये' असं छापून त्यावर लाल काट मारलेली आणि खाली टपोरं शून्य. माणसं चार हात लांब उभी राहून फ्लेक्स वाचतात, "काहीतरी भानगड असणार," असं एकमेकांना बजावतात आणि रांगेत उभी राहतात.

सगळी करामत त्या लाल काटेची. नुसतं 'जोडणी मोफत' लिहिलं तर माणूस ढुंकून बघत नाही. आधी हजार दाखवावे लागतात, मग ते खोडावे लागतात. जे हजार रुपये खिशात नव्हते, कुणी मागितले नव्हते, ते वाचल्याचा आनंद घेऊन माणूस घरी जातो. आमच्या शेजारचे गुरुजी असेच गेले. "आज हजार वाचवले," म्हणाले. काकू म्हणाल्या, "मंग त्यातले पाचशे द्या इकडं, किराणा भरायचाय."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. वय ७६, अक्षर वळणदार आणि हिशेब पैशापैशाचा. घरी फायबर घ्यायचं ठरलं ते नातवाच्या अभ्यासासाठी, असं गुरुजी सांगतात. नातू सांगतो, आजोबांच्या कीर्तनांसाठी. काकू कुणाचंच खरं धरत नाहीत. ते असो.

छत्रीखालच्या पोरानं फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाला, "गुरुजी, इन्स्टॉलेशन सगळं माफ."

इथं गुरुजींनी जो प्रश्न विचारला, तो या तालुक्यातलाच माणूस विचारू शकतो. ते म्हणाले, "माफ म्हंजी कसं? आधी भरायचं आन मंग माफ, का आधी माफ आन मंग भरायचं?"

पोरगं हसलं. त्याला वाटलं, गुरुजींनी विनोद केला. गुरुजी विनोद करत नव्हते. माफीच्या शास्त्रात आमच्याएवढी शिकलेली माणसं तुम्हाला लवकर सापडायची नाहीत. २०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, हे सगळ्यांनी ऐकलं. कर्ज त्याच्या वर असेल तर वरची रक्कम आधी पदरची भरा, मग दीड लाख माफ, हे सोसायटीच्या ओट्यावर गेल्यावर कळलं. म्हणजे माफ होण्यासाठी आधी पैसे पाहिजेत. ज्यांनी कर्ज मुकाट्यानं वेळेवर फेडलं होतं, त्यांच्या वाट्याला २५ टक्के, तेही २५ हजारांच्या आत. मग २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. तिच्यासाठी याद्या, यादीत नाव, नावापुढं आधार, आधाराला अंगठा, आणि आयुष्यभर ढेकळं फोडलेल्या अंगठ्याच्या रेघा मशिनला दिसेनात. पात्र, अपात्र, निकष, प्रमाणीकरण हे शब्द आमच्याकडं बाया भाजी निवडताना बोलतात. अशा गावात येऊन टी-शर्टातल्या पोरानं 'सगळं माफ' म्हणावं, हे धाडसच म्हणायचं.

गुरुजींनी पाडलेले दोन प्रकार मात्र मला फार उपयोगाचे वाटतात. सुरुवातीची फी माफ केल्यावरून जगात जेवढी म्हणून भांडणं होतात, ती या दोन खणांत बसतात.

पहिला प्रकार, आधी भरा मग माफ. जिओफोन आठवतो का? २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत शून्य जाहीर झाली होती. फक्त १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. आता पंधराशे रुपये देऊन शून्य रुपयांची वस्तू घरी आणताना माणसाच्या मनात काय चालतं, याचा अभ्यास विद्यापीठांनी करायला हवा होता. परत मिळायचे म्हणजे फोन परत न्यायचा, पावती ठेवायची, मधली तीन वर्षं रीचार्ज करत राहायचं. पाथर्डीत तीन वर्षं पावती जपून ठेवणारे गुरुजींसारखे थोडे. बाकीच्यांच्या पावत्या पहिल्या पावसाळ्यातच पत्र्याखाली भिजतात.

दुसरा प्रकार, आधी माफ मग भरा. हा जास्त गोड. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसची जोडणी अनामत न भरता मिळाली. ज्यांनी शेगडी आणि पहिली टाकी उधारीवर घेतली, त्यांचं कर्ज पुढच्या टाक्यांच्या सबसिडीतून कापलं जाऊ लागलं. "माझी सबसिडी का येईना?" म्हणून बाया बँकेत चौकशी करायच्या. सबसिडी येतच होती, पण वाटेतच शेगडीचा हप्ता भरून रिकामी होत होती. त्याआधी २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत मोबाइल हातात दिला होता. तेव्हा पाचशे एक म्हणजे लग्नातल्या आहेराचा आकडा. आहेर देऊन फोन आला, आणि मग ३६ महिने त्याचं मागणं येत राहिलं. आता फायबरवाले हेच जरा सभ्यपणे करतात. जोडणी माफ, पण वर्षाचा प्लॅन घेतला तर. वर्षाच्या आत सोडलं तर माफ केलेलं पुन्हा अंगावर.

खरं सांगायचं तर असल्या सौद्याची सगळ्यात जुनी ओळख आमच्या तालुक्याला वेगळ्याच ठिकाणी झालेली आहे. तिथं सही करताना तुमच्याकडून काही घेत नाहीत, उलट तुमच्या हातावर रोख ठेवतात. त्याला उचल म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच कोयत्यामागं उचल देऊन जातो. कोयता म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं कारखान्यांकडं निघतात, हंगामभर ऊस तोडून उचल फेडतात, एखादा दिवस पडलं तर खाडा लागतो, आणि हंगाम संपला तरी उचल उरली तर ती पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर बसते. यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून मी लांबवत नाही. पण सुरुवातीलाच कुणी गोड बोललं की पाथर्डीचा माणूस त्याच्याकडं तिरपं का बघतो, हे बाहेरच्याला सांगायचं तर एवढं सांगावं लागतं.

तर गुरुजींनी फॉर्म भरला. भिंग घेऊन वाचायचा होता, पण तो फॉर्म मोबाइलमध्ये होता आणि पोराचं बोट खाली जाऊन 'मान्य आहे' दाबून परतसुद्धा आलं होतं.

चार दिवसांनी जोडणीवाला आला. शिडी, वायरचं भेंडोळं आणि कानात एकच बोंड. त्यानं खांबापासून घरापर्यंत नजरेनं अंतर मापलं आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतो तसा चेहरा केला.

"गुरुजी, जोडणी फ्री हाये. पण कंपनीची वायर पन्नास मीटर. तुमचं घर जातंय सत्तर-ऐंशीवर."

"म्हंजी?"

"वरली वायर तुमची."

"घर कंपनीला विचारून बांधायला पाहिजे होतं का मी?"

"तसं नाय गुरुजी. खांब तरी इकडं पाहिजे होता."

मग भिंतीला भोक पाडायचं ठरलं. जोडणीत भोक येतं का, यावर चर्चा झाली. जोडणीवाल्याच्या मते भोक ही घरमालकाची वस्तू, कारण ते त्याच्या भिंतीत राहतं. गुरुजींच्या मते भोकाशिवाय जोडणी म्हणजे गेटपर्यंत आलेला पाहुणा. ड्रिल लावायला गेले तर लाइट गेली. लाइट येईपर्यंत चहा झाला, चहात चौकशी निघाली. जोडणीवाला तिसगावकडचा. त्याची मावशी मोहट्याला दिलेली. काकूंचं माहेर मोहट्याजवळच. एक एक नाव काढता काढता मावशी थेट काकूंच्या चुलतभावाच्या सोयरिकीत निघाली. लाइट आली तेव्हा जोडणीवाला गुरुजींना 'दाजी' म्हणत होता. भोक फुकट पडलं. वरच्या वायरीचेही त्यानं निम्मेच घेतले, आणि ते घेतानाही पावती दिली नाही, कारण पाहुण्यांत पावती कसली.

कंपन्यांच्या एकाही नियमावलीत या सवलतीचा उल्लेख नाही. केबल आणि डिशसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०१७ च्या नियमांत जोडणीला ३५० आणि चालू करायला १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, आणि २०२४ च्या जुलैत ती उठवलीसुद्धा. मर्यादा आली तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता, गेली तेव्हाही नव्हता. आमच्याकडं दर ठरतो तो मावशी कुठं दिलीय यावर.

पहिलं बिल आलं आणि खरी गंमत सुरू झाली. गुरुजींनी ते चष्मा पुसून वाचलं. इन्स्टॉलेशन चार्ज १०००. जीएसटी १८ टक्के, १८०. माफी वजा १०००. देय १८०.

म्हणजे हजार रुपये माफ केले होते, खोटं नव्हतं. फक्त माफ केलेल्या हजाराचा कर माफ केला नव्हता.

दुसऱ्या कुणी मुकाट्यानं एकशे ऐंशी भरले असते. गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. त्यांनी वकिली करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. पुतण्यानं सांगितलं, २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५ बघा. बिलावरच दाखवून दिलेली सूट करपात्र मूल्यात धरायची नसते. गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल शाईनं स्वतःची टीप लिहिली: मूल्य शून्य. शून्य गुणिले अठरा बरोबर शून्य. इयत्ता तिसरी.

मग कॉल सेंटर. मराठीसाठी अमुक दाबा म्हणाले, दाबलं, पलीकडून हिंदी आलं. गुरुजींनी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या असल्यानं त्यांचं हिंदी इतकं शुद्ध, की पलीकडच्या मुलीला ते कळेना. "महोदया, जो राशि आपने स्वयं क्षमा की है, उस पर कर कैसा?" मुलगी म्हणाली, सर, आप होल्ड पे रहिए. गुरुजी होल्डवर राहिले. कंपनीला तुमचा कॉल फार महत्त्वाचा आहे, असं एक बाई मधूनमधून सांगत राहिली. फोन ठेवला तर पाच मिनिटांत मेसेज: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे. कुणाचं समाधान झालं, ते लिहिलं नव्हतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या तेरा चलाख्यांची यादीच काढली आहे. किंमत आधी थोडी सांगायची आणि बाकीची नंतर थेंबाथेंबानं टपकवायची, हा तिच्यातला एक प्रकार. सदस्य होणं सोपं ठेवायचं आणि सुटणं अवघड, हा दुसरा. पुतण्यानं ही यादी वाचून दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, "तेराच? सोयरीक जमवताना कधी बसली नाहीत वाटतं ही माणसं."

शेवटी गुरुजी छत्रीकडं गेले. चौकात छत्री नव्हती. छत्री शेवगावला गेली होती, आणि पोरगं तर दुसऱ्याच कंपनीच्या, दुसऱ्याच रंगाच्या छत्रीखाली बसलं होतं. फोनवर सापडलं. आवाजावरून गुरुजींनी ओळखलं, हा आपल्याच हाताखालून चौथी पास झालेला.

"गुरुजी, राहू द्या. मी टाकतो तुम्हाला एकशे ऐंशी."

"तू कशाला? माफ कंपनीनं केलं होतं."

"कंपनीनं हजाराचं म्हणलं होतं. 'सगळं' मी म्हणलो. महिन्याचं टार्गेट राहिलं होतं गुरुजी."

बहुतेक भांडणांचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं. माफ करतं ते तोंड, आणि त्या तोंडाला अधिकार नसतो. बिल काढतं ते यंत्र, आणि त्या यंत्राला तोंड नसतं. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथंही सौदा तोंडीच असतो, पण बोलणारा आणि पैसे घेणारा एकच माणूस असतो, आणि तो जनावराच्या शेजारीच उभा असतो. घेणारा गाढवाचं तोंड उघडून दात मोजतो, दुवान का चौवान ते स्वतः ठरवतो आणि मग पैसे काढतो. फायबर घेताना दात कुणाचे बघायचे? छत्रीखालचं पोरगं तर सारखं हसतच असतं, सगळे दात दिसतात, पण त्यावरून कंपनीचं वय कळत नाही.

पोराचे पैसे गुरुजींनी घेतले नाहीत. एकशे ऐंशीही भरले नाहीत. "प्रश्न पैशाचा नाही," म्हणाले. हे वाक्य ज्यानं म्हटलं त्याचा प्रश्न नक्की पैशाचाच असतो, असा माझा अनुभव आहे, पण गुरुजींच्या बाबतीत ते खरं असावं. पैशाचा असता तर त्यांनी काकूंशी एवढं वैर घेतलं नसतं. कारण बिल थकलं म्हणून कंपनीनं नेट तोडलं, आणि काकूंची मालिका ऐन लग्नाच्या प्रसंगात थांबली.

पुतण्या म्हणाला, काका, ग्राहक आयोगात जाऊ. पूर्वी टेलिफोनवाल्यांविरुद्ध तिथं जाता येत नव्हतं, २००९ च्या एका निकालानं वाट अडली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मोकळी केली. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

"फी नाही म्हंजी माफ, का मुळातच नाही?" गुरुजींनी विचारलं.

"मुळातच नाही."

हे ऐकून गुरुजींचा चेहरा उजळला. पण पुतण्या पुढं सांगत गेला. प्रतिज्ञापत्र करावं लागेल. टायपिंग. झेरॉक्सचे संच, आपला एक, समोरच्याचा एक, आयोगाचे वेगळे. काकूंनी आतून विचारलं, "म्हंजी इथंबी वायर आपलीच ना?" पुतण्या म्हणाला, ऑनलाइन केलं तर जाणं-येणं तरी वाचेल. सगळे भिंतीवरच्या राउटरकडं बघायला लागले. त्याचा लाल दिवा लागलेला होता.

म्हणून मग नगरला जायचं ठरलं. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण स्टँडवर अजून कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडतात आणि गाडी बरोबर पोचते. गुरुजींनी बिल, वही, कलम १५ ची झेरॉक्स आणि भिंग असं सगळं पिशवीत भरलं. मी सोडायला गेलो होतो. गाडीला गर्दी होती, तरी एका कॉलेजच्या पोरानं उठून जागा दिली. कंडक्टर आला, गुरुजींनी आधार पुढं केलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टरनं मशिनमधून तिकीट फाडून हातावर ठेवलं. रक्कम शून्य.

गुरुजींनी तिकीट उजेडात धरलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. भिंग काढलं.

"ह्याच्यावर जीएसटी नाय ना?"

"नाय गुरुजी, बसा निवांत," कंडक्टर म्हणाला. "करंजीच्या घाटात गाडी बंद पडली तर उतरून ढकलावी लागंल. पण त्याचंबी काय पडत नाय."